पात्राची जात पुसून सिनेमा चांगला होत नाही

१ ऑगस्ट २०२५ रोजी 'धडक २' हा हिंदी चित्रपट प्रदर्शित झाला. तेव्हापासून आपल्या वस्त्यांत, वसतिगृहांत, बुद्धविहारासमोरच्या कट्ट्यावर एक वाद सुरू आहे. सिनेमावरचा वाद म्हणून तो सोडून द्यावा असे आम्हाला वाटत नाही. एक गट म्हणतो, सिनेमा थोडा रटाळ असेल, गाणी उगाच घुसडली असतील, पण त्यातला नायक आपला आहे, आपल्या नावाने, आपल्या आडनावाने उभा आहे, तेवढे पुरे. दुसरा गट म्हणतो, नायक आपला असला म्हणून कच्चा सिनेमा डोक्यावर घ्यायचा काय? सिनेमा ही कला आहे, तिचे मोजमाप कलेनेच व्हावे. दोन्ही बाजूंची पोरे शिकलेली आहेत, चळवळीतली आहेत आणि दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे. म्हणूनच या प्रश्नाची नीट फोड करणे आम्हाला आवश्यक वाटते.

असा वाद जगात इतरत्रही होतो. अमेरिकेत 'स्टार वॉर्स' ही चित्रपटांची मोठी मालिका आहे. २०१७ मध्ये तिचा 'द लास्ट जेडाय' हा भाग आला, तेव्हा तिथले चाहते असेच दुभंगले. चित्रपट उत्तम बनवला आहे, असे एका बाजूचे म्हणणे होते. दुसरी बाजू म्हणत होती, असेल उत्तम, पण हा आमचा ल्यूक स्कायवॉकर नव्हे. तो असा हार मानून बेटावर जाऊन बसणार नाही. ती भूमिका करणाऱ्या मार्क हॅमिल या नटानेही आपले मतभेद उघडपणे बोलून दाखवले होते. मालिका सिनेमांचे हे दुखणेच आहे. नाव तेच राहते, पात्र बदलते आणि प्रेक्षकाला फसवल्यासारखे वाटते.

परंतु त्यांच्या आणि आपल्या वादात एक मूलभूत फरक आहे. ल्यूक स्कायवॉकर कल्पनेतला आहे. तो बदलला तर चाहत्याचे मन दुखावते, कोणाचा जीव जात नाही. आपल्याकडे ज्या पात्राचे रूप बदलले जाते, ते पात्र गावागावांत जिवंत आहे. कधी कधी ते मारलेही गेले आहे. म्हणून पात्राशी इमान राखण्याचा प्रश्न आमच्यासाठी करमणुकीचा नाही. ती साक्षीची बाब आहे. साक्षीदाराने साक्ष फिरवली तर त्याची भाषा किती गोड होती, हे कोणी विचारीत नाही.

आता मूळ प्रकरणाकडे वळू. २९ एप्रिल २०१६ रोजी नागराज मंजुळे यांचा 'सैराट' आला. करमाळा तालुक्याच्या मातीतला, तिथल्याच बोलीतला हा सिनेमा. पाटलाची आर्ची आणि मासेमारी करणाऱ्या घरातला परश्या. रिंकू राजगुरू आणि आकाश ठोसर ही तोवर कोणाला ठाऊक नसलेली पोरे. आर्ची बुलेट चालवते, ट्रॅक्टर चालवते, विहिरीवर येऊन पोरांना बाहेर काढते. तिच्या त्या दिमाखामागे पाटलाच्या घराची सत्ता आहे, हे दिग्दर्शक एका क्षणासाठीही विसरत नाही. तिचा भाऊ वर्गात शिकवणाऱ्या लोखंडे सरांच्या मुस्काटात मारतो आणि त्याचे कोणी काही वाकडे करू शकत नाही. त्या एका थपडेत गाव, कॉलेज, संस्था आणि जात यांचे सारे नाते उघडे पडते. पुढे हैदराबादची झोपडपट्टी येते, डोशाची गाडी येते, बाटल्यांचा कारखाना येतो. आणि शेवटी माहेरची भेट घेऊन आलेले पाहुणे, चहा, आणि त्या लहानग्याच्या रक्तात भिजलेल्या पावलांचे ठसे. पार्श्वसंगीत नाही, आक्रोश नाही. थिएटरातून बाहेर पडताना लोक एकमेकांकडे बघत नव्हते.

'सैराट'ने मराठी सिनेमाच्या कमाईचे सगळे जुने आकडे मोडले. मग बाजार जागा झाला. कन्नडमध्ये 'मनसु मल्लिगे' आला, पंजाबीत 'चन्ना मेरेया' आला. आणि २० जुलै २०१८ रोजी हिंदीत 'धडक' आला. निर्माते मोठे, पैसा मोठा, नायिका सिनेसृष्टीतल्या नामवंत घराण्यातली. करमाळ्याच्या जागी उदयपूर आले. तलाव आले, हवेल्या आल्या, हॉटेलमालकाचा देखणा मुलगा नायक म्हणून आला. संगीतकार अजय-अतुल तेच ठेवले. 'झिंगाट'सुद्धा हिंदी शब्द घालून घेतले. झिंगाट हिंदीत गेले, परश्याची जात मात्र गेली नाही. ती वाटेतच कुठेतरी उतरवून दिली. चित्रपटात जातीचा उल्लेख एखाद्या वाक्यात येतो आणि निघून जातो. बाकी सारा मामला राजकारणी बापाचा अहंकार आणि श्रीमंत-गरीब यांच्या प्रेमाचा होतो.

'धडक' दिसायला देखणा होता, छायाचित्रण उत्तम होते, तरुण पोरांनी तो पाहिला आणि त्याने चांगली कमाई केली. मग बिघडले कोठे? बिघडले ते शेवटाकडे. त्यात नायिकेचा भाऊ येतो आणि नायकाला व लेकराला वरून खाली फेकून देतो. प्रेक्षक विचारतो, का? बापाला राग होता म्हणून? इतका? एवढी वर्षे झाल्यावर? तान्ह्या पोराला? या 'का'चे उत्तर चित्रपटाकडे नाही, कारण जे उत्तर होते ते त्याने आधीच पुसून टाकले आहे. जात काढली की खून हा अपघात होतो, एका माथेफिरूचे कृत्य होते. 'सैराट'मध्ये तो अपघात नव्हता. पहिल्या दृश्यापासून तो खून प्रत्येक घरात, प्रत्येक पंगतीत, प्रत्येक नजरेत चालू होता. शेवटी फक्त हत्यार चालले.

आमच्या मते या वादातली खरी गोष्ट इथे आहे. पात्राशी इमान एका पारड्यात आणि सिनेमाची गुणवत्ता दुसऱ्या पारड्यात, अशी मांडणीच मुळात चुकीची आहे. कथेतला माणूस जे भोगतो त्याचे कारण काय, हे दाखवणे हाच सिनेमा बनवण्याच्या कौशल्याचा पहिला धडा आहे. कारण पुसले की परिणाम खोटा वाटतो. मग कॅमेरा कितीही भारी असो, तलावात चंद्र कितीही सुंदर दिसो. 'धडक' हा मूळ पात्राशी बेइमान झालेला चांगला सिनेमा नव्हता. पात्राशी बेइमान झाला म्हणूनच तो सिनेमा म्हणून कोसळला.

हे कारण पुसणे किती गंभीर आहे ते प्रत्यक्ष घटनांकडे पाहिले की कळते. २८ एप्रिल २०१४ रोजी नगर जिल्ह्यातील खर्डा गावात आपल्या समाजातील सतरा वर्षांच्या शाळकरी मुलाला मारून झाडाला लटकवले गेले. सवर्ण मुलीशी बोलतो, हा संशय त्याच्या जिवावर उठला. २०१७ मध्ये सत्र न्यायालयातून सर्व आरोपी निर्दोष सुटले, कारण साक्षीदार एकामागून एक फितूर झाले. तिकडे तामिळनाडूत उडुमलपेट येथे १३ मार्च २०१६ रोजी, म्हणजे 'सैराट' येण्याच्या अवघ्या दीड महिना आधी, सवर्ण मुलीशी लग्न केलेल्या दलित तरुणाला भर रस्त्यात, दिवसाढवळ्या कोयत्याने तोडले गेले. खर्ड्यात साक्षीदार फिरले. सिनेमानेही साक्ष फिरवावी काय? न्यायालयात जात सिद्ध होत नाही आणि पडद्यावर जात दिसत नाही. मग पुढच्या पिढीने हे कोठे शिकायचे?

इथे काही मित्र म्हणतील, मूळ कलाकृतीत बदल करूच नये असे तुमचे म्हणणे आहे काय? मुळीच नाही. बदल हे आपल्या परंपरेला नवीन नाही. सत्यशोधक आणि आंबेडकरी जलशांनी तमाशाचा साचा घेतला, ढोलकी घेतली, सवाल-जवाब घेतले, आणि गण-गौळण एक तर बाजूला सारली किंवा तिचा अर्थच बदलून टाकला. १९३० च्या दशकात भीमराव कर्डक आणि त्यांच्या साथीदारांचे जलसे गावोगाव फिरत होते, तेव्हा त्यांनी जुन्या पात्रांशी इमान राखले नाही. राखायचे कारणही नव्हते. ज्या पात्रांनी आपल्या माणसाला हसण्याचा विषय केले होते, ती मोडून त्यांनी नवी उभी केली. बदल अन्यायाचे कारण उघड करण्यासाठी केला की ते झाकण्यासाठी, एवढेच पाहायचे असते. जलशाने उघड केले. 'धडक'ने झाकले.

आता 'धडक २' कडे येऊ. नावात दोनचा आकडा असला तरी पहिल्या भागाशी याच्या कथेचा काडीचाही संबंध नाही. तोच नायक पुढे जात नाही, तेच गाव येत नाही. हा आकडा बाजाराचा आहे. दुकानाची जुनी पाटी नव्या मालावर लावली आहे. खरे तर हा मारी सेल्वराज यांच्या 'परियेरुम पेरुमाल' या तमिळ चित्रपटाचा हिंदी अवतार आहे. २८ सप्टेंबर २०१८ रोजी आलेला हा चित्रपट पा. रंजित यांच्या नीलम प्रॉडक्शन्सने काढला होता. म्हणजे ज्या वर्षी हिंदीवाल्यांनी 'सैराट'मधून जात काढून टाकली, त्याच वर्षी तमिळमध्ये आपल्याच माणसांनी जात मध्यभागी ठेवून एक अजोड सिनेमा उभा केला. ज्यांनी तो पाहिला नसेल त्यांनी जरूर पाहावा.

त्यातला परियन कायद्याच्या महाविद्यालयात प्रवेश घेतो. शिकून कोण व्हायचे आहे, असे विचारल्यावर तो डॉक्टर व्हायचे म्हणतो. म्हणजे दवाखान्यातला डॉक्टर नव्हे, डॉ. आंबेडकर! वर्गात इंग्रजी कळत नाही म्हणून त्याची टर उडवली जाते. जो नावाची मुलगी त्याला मदत करते आणि तिच्या घरच्या लग्नात तिचेच नातेवाईक त्याला खोलीत कोंडून मारतात, त्याच्या अंगावर मुततात. त्याचा बाप स्त्रीवेषात नाचणारा लोककलावंत. त्याला भर रस्त्यात वस्त्रे फेडून पळवले जाते. एवढे होऊनही सिनेमा रडत नाही, भीक मागत नाही. शेवटी टेबलावर चहाचे दोन ग्लास शेजारी शेजारी आणि मध्ये एक फूल. ज्या राज्यात चहाच्या टपरीवर आपल्यासाठी वेगळा ग्लास ठेवला जात होता, तिथले हे दृश्य आहे. आमच्या बापजाद्यांनी हॉटेलाबाहेर आपली वेगळी कपबशी आपल्याच हाताने विसळून ठेवली आहे. त्यांना या दृश्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

शाझिया इक्बाल यांनी 'धडक २' मध्ये हा गाभा बऱ्याच प्रमाणात टिकवला, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. नायकाचे नाव नीलेश अहिरवार. आडनाव सांगताना त्याची जीभ अडखळते, आणि ती का अडखळते हे आपल्यातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. नव्या कॉलेजच्या पहिल्या दिवशी, नव्या कचेरीत, घर भाड्याने घेताना 'पूर्ण नाव?' हा प्रश्न ज्याने ऐकला आहे, त्याला ते दृश्य बघताना घशात आवंढा येतो. त्यात विद्यार्थी नेता शेखरचे पात्र आहे. ते पाहताना १७ जानेवारी २०१६ रोजी हैदराबाद विद्यापीठात गेलेला रोहित वेमुला आठवल्याशिवाय राहत नाही. मूळ तमिळ चित्रपटातल्या जोला परियनवर काय गुजरले याचा पत्ताच लागत नाही, कारण तो तिच्यापासून ते लपवतो. हिंदीतली विधी मात्र जाणते, प्रश्न विचारते, घरच्यांसमोर उभी राहते. हा बदल मूळ कृतीशी बेइमानी नाही. सवर्ण मुलीनेही आपल्या घरातल्या जातीशी भांडले पाहिजे, ही मागणी बाबासाहेबांच्या विचाराशी सुसंगतच आहे.

पण दोषही आहेत आणि ते आम्ही झाकणार नाही. नायकाच्या चेहऱ्याला काळपट रंग फासला आहे. हा इमानाचा अगदी उथळ अर्थ झाला. दलित म्हणजे काळा, ही समजूत कोणाची? आपल्या वस्तीत सगळ्या रंगांची माणसे आहेत. पात्राशी इमान चामडीच्या रंगाने राखले जात नाही. तसे राखायचेच होते तर आपल्यातला एखादा नट शोधायचा होता. मंजुळे यांना जेऊर-अकलूजच्या परिसरात नट सापडतात, मुंबईच्या बड्या निर्मात्यांना का सापडू नयेत? शिवाय अनेक ठिकाणी हा सिनेमा दाखवण्याऐवजी सांगत बसतो. तमिळ सिनेमाला जिथे दोन ग्लास पुरले, तिथे हिंदीला भाषण लागते. हे कौशल्यातले उणेपण आहे आणि त्याला उणेपणच म्हटले पाहिजे.

काही उणेपण मात्र दिग्दर्शिकेच्या पदरात टाकता येणार नाही. प्रमाणपत्र देणाऱ्या सेन्सॉर बोर्डाने या चित्रपटात सोळा बदल करायला लावले. जातीवाचक उल्लेख दाबले गेले, आरक्षणासंबंधी बोलणारे संवाद बोथट केले गेले, प्रदर्शन लांबले. जातीवरून शिवी रस्त्यावर दिलेली चालते, पडद्यावर ती दिली जाते हे दाखवलेले चालत नाही! इथे आम्हाला १९३६ साल आठवते. लाहोरच्या जात-पात तोडक मंडळाने बाबासाहेबांना अध्यक्ष म्हणून बोलावले आणि मग भाषणातला काही भाग गाळा, अशी विनंती केली. बाबासाहेबांनी एक स्वल्पविरामही बदलणार नाही असे कळवले. परिषद झाली नाही. भाषण त्यांनी स्वतः छापले. तेच 'जातिनिर्मूलन'. त्याच पुस्तकात त्यांनी जात मोडण्याचा खरा उपाय म्हणून आंतरजातीय विवाहाकडे बोट दाखवले. आर्ची-परश्या, जो-परियन, विधी-नीलेश या साऱ्या कथा त्या एका पानातून निघाल्या आहेत असे म्हटले तरी चालेल. आज चित्रपटात कोट्यवधी रुपये गुंतलेले असतात, त्यामुळे स्वल्पविराम वाचवणे कोणाला परवडत नाही, हे आम्ही समजू शकतो. पण जे गाळायला लावले जाते तेच नेमके खरे असते, हे प्रेक्षकाने ध्यानात ठेवावे.

आता पुन्हा आपल्या कट्ट्यावरच्या वादाकडे. 'नायक आपला आहे, तेवढे पुरे' असे म्हणणाऱ्या मित्रांना आमचे सांगणे आहे की, तेवढे पुरे नाही. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो लावला, निळा झेंडा फडकवला, पार्श्वभूमीला जयभीमची घोषणा टाकली की आपण टाळ्या वाजवतो, हे आता बाजारालाही कळले आहे. उद्या आपल्या टाळ्यांसाठी फोटो लावून आपल्याच विरोधातली कथा विकली जाईल. फोटोला वंदन करावे, सिनेमाला मात्र तपासावे. आपल्यातल्या नवशिक्या दिग्दर्शकालाही 'आपला आहे' म्हणून सूट देणे हा त्याच्यावर अन्याय आहे. मंजुळे आणि मारी सेल्वराज मोठे झाले ते सवलतीने नव्हे. त्यांचे सिनेमे पाहून विरोधकालाही मान खाली घालावी लागली, म्हणून झाले.

आणि 'कला ही कलेनेच मोजावी' असे म्हणणाऱ्या मित्रांनाही सांगणे आहे. हे मोजमाप कोणी बनवले, हे एकदा विचारा. ज्यांनी शंभर वर्षे आपल्याला पडद्यावर नोकर, भिकारी आणि दयेचा विषय म्हणून ठेवले, त्यांच्या फूटपट्टीत आपले दुःख 'प्रचारकी' ठरते आणि हवेलीतले दुःख 'वैश्विक' ठरते. कला तपासाच, पण फूटपट्टी आपली असू द्या.

ती फूटपट्टी कशी असावी? आम्ही तीन साधे प्रश्न सुचवतो. एक, या कथेतल्या माणसावर अन्याय का होतो, हे सिनेमा नाव घेऊन सांगतो काय? दोन, तो माणूस फक्त मार खातो, की विचार करतो, चुकतो, हसतो, रागावतो, शिकतो? म्हणजे पुरता माणूस आहे काय? तीन, कथा लिहिणाऱ्यांत, कॅमेऱ्यामागे, नफ्याच्या वाट्यात आपले कोणी आहे काय? 'सैराट' आणि 'परियेरुम पेरुमाल' या परीक्षेत सरस उतरतात. 'धडक' पहिल्याच प्रश्नाला नापास होतो. 'धडक २' पहिल्यात पास, दुसऱ्यात बऱ्यापैकी, आणि तिसऱ्यात त्याला अजून पुष्कळ मजल मारायची आहे.

तिसरा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा आहे, कारण पहिल्या दोहोंची उत्तरे त्यावर अवलंबून आहेत. 'सैराट' विकला गेला आणि त्याचे काय करायचे हे परक्यांनी ठरवले. रंजित यांनी मात्र स्वतःची निर्मिती संस्था उभी केली आणि मारी सेल्वराज यांना पहिला सिनेमा करता आला. पहिल्याच सिनेमात त्यांना कोणापुढे पात्राची जात गहाण ठेवावी लागली नाही, ती या संस्थेमुळे. महाराष्ट्रात जलशांची, लोकनाट्याची, दलित साहित्याची एवढी श्रीमंत पुंजी असताना आपल्याला हे का जमू नये? जयंतीच्या डीजेवर आपण किती पैसा उडवतो, याचा हिशेब एकदा गावोगावच्या मंडळांनी मांडावा. त्यातला चौथा हिस्सा जरी चार होतकरू पोरांच्या हाती कॅमेरा देण्यासाठी वापरला, तरी दहा वर्षांत चित्र पालटेल.

तोवर एवढे तरी करूया. येत्या महिन्यात आपल्या विहारात, वसतिगृहात 'परियेरुम पेरुमाल' आणि 'धडक २' एकापाठोपाठ दाखवा. भाषा अडली तर खाली मजकूर येतोच. मग पोरापोरींना बसवून विचारा, काय राहिले, काय गेले, आणि जे गेले ते कोणाच्या सोयीसाठी गेले? भांडण होऊ द्या. असे भांडण करणारा प्रेक्षक तयार झाला की कोणताही निर्माता परश्याची जात वाटेत उतरवण्यापूर्वी दहादा विचार करील.

जयभीम!